गाठ न मारलेली दोरी

परवा जेवताना नातीने जाहीर केले, "आजी, मी दोरीचा मल्लखांब शिकणार!" माझा घास हातातच राहिला.

दोरी म्हटली की आम्हा वाशिमकरांना बैलाचा कासरा, विहिरीचा नाडा आणि पोळ्याची नवी वेसण आठवते. दोरी असते ती बांधायलाच, ही आपली समजूत. जपानात तर सामुराईंच्या काळी कैद्याला दोरीने जखडण्याची 'होजोजुत्सु' नावाची रीतसर विद्या होती. पुढे विसाव्या शतकात तिच्याच वळणाने, परस्परांच्या संमतीने शरीर बांधण्याची प्रौढांची एक कलाही तिथे रुजली. या दोन्हींत एक बांधणारा असतो आणि एक बांधला जाणारा. आपल्या दोरीच्या मल्लखांबात मात्र ही दोन्ही माणसे एकच!

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. टांगत्या मल्लखांबाला पूर्वी वेत वापरत. वेत दुर्मीळ झाला तशी सुती दोरी आली. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले.

त्याच अमरावतीत, मामाकडे सुटीला गेले असताना, मी दहाव्या वर्षी दोरीवरच्या मुली पाहिल्या. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होते. घरी परतताच मी गोठ्याच्या आढ्याला नाडा टांगला, पायाला वेढे दिले, वर पक्की गाठ मारली आणि उलटी लटकले. गाठ काही सुटेना. किंकाळी ऐकून वडील धावले, त्यांनी विळ्याने दोर कापला. घोट्यावरचा वळ आठवड्यात गेला; मल्लखांब मात्र कायमचा गेला. "मुलीच्या जातीला हवंय कशाला हे?" आजीने निकाल दिला.

आता निकाल देण्याची पाळी माझी होती. मी नातीबरोबर सराव पाहायला गेले. खाली जाड गादी, वर मऊ सुती दोरी. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून मुली सरसर चढत होत्या. माझी गोष्ट ऐकून शिक्षिका हसल्या.

"आजी, इथे गाठ मारायचीच नसते. वेढा असा घ्यायचा की अंगाच्या भाराने घट्ट बसावा आणि पाय सैल करताच सुटावा. म्हणून मी आधी उतरायला शिकवते, मग चढायला."

म्हणजे माझे चुकले होते ते मुलगी असणे नव्हे. चुकली होती ती गाठ! आणि हे सांगायला तेव्हा शेजारी कुणी नव्हते.

मल्लखांबात पायांच्या एका पकडीला 'अढी' म्हणतात. माझ्या मनातली अढी पन्नासहून अधिक वर्षांनी त्या संध्याकाळी सुटली. नातीचे नाव घातले. एकच बजावले, "घरी कुठेही दोर टांगायचा नाही हं!"