मित्रबुरशीची नव्वद वर्षे

ट्रायकोडर्मा हे नाव १७९४ पासून शास्त्राच्या दप्तरी आहे. पण ही हिरवी बुरशी पिकाच्या कामाची आहे, हे कळायला १९३२ साल उजाडले. कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग लिंबूवर्गीय रोपांच्या मर रोगावर काम करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले, की ट्रायकोडर्माचे तंतू रोगकारक रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेटोळे घालतात आणि त्यांना संपवतात. पुढे चारच वर्षांत ग्लायोटॉक्सिन हे तिचे विषही वेगळे काढले गेले.

एवढे कळूनही हा विषय तीसेक वर्षे मागेच पडला. काळ रसायनांचा होता. साठच्या दशकाच्या अखेरीस बेनोमिल आले, पाठोपाठ कार्बेन्डाझिम. फवारले की गुण, असा अनुभव असताना बुरशीने बुरशी मारण्याची उठाठेव कोण करणार? पण काही हंगामांतच रोगकारक बुरशा या औषधांना दाद देईनाशा झाल्या. १९७२ मध्ये जॉर्जियात वेल्स आणि सहकाऱ्यांनी ट्रायकोडर्मा थेट शेतात वापरून खोडकूज करणाऱ्या स्क्लेरोशियमला आवर घातला. इस्रायलमध्ये इलान चेत यांच्या गटाने शत्रूची पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या विकरांचा छडा लावला. ही बुरशी मुळांत शिरून पिकाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते, हे २००४ पर्यंत स्पष्ट झाले होते.

आपल्याकडे खरा प्रश्न होता ती शेतकऱ्याच्या हाती द्यायची कशी. नव्वदच्या दशकात कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने शंखजिऱ्याच्या भुकटीत ती बसवली आणि वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात हरभरा-तुरीची मर आणि आले-हळदीची कंदकूज यांनी तिला घरोघरी नेले. किलोभर हरभऱ्याला चार-पाच ग्रॅम भुकटी, चिकटायला थोडे गूळपाणी, मग बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरणी. जमिनीतून द्यायची तर मुरलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना.

घोडे अडते ते पुढे. नियमाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू-घटक हवेत. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गोदामात ते टिकत नाहीत. कार्बेन्डाझिमसोबत कालवली तर बुरशी स्वतःच मरते. रोप पिवळे पडून माना टाकू लागल्यावर आळवणी केली तर फारसे काही हाती लागत नाही. मग दोष जातो बुरशीला.

नव्वद वर्षांचा निष्कर्ष साधा आहे: ट्रायकोडर्मा रोग झाल्यावरचा इलाज नाही, रोगाच्या आधी मुळाशी बसवायचा पहारा आहे. तेव्हा पुडा घेताना किमतीआधी उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख वाचा, पुडा सावलीत ठेवा आणि पेरणीआधी वापरा.