पोहऱ्याचे वजन, कमरेवरचा भार

केज तालुक्यातील युसूफ वडगाव असो की मराठवाड्यातील दुसरे कुठलेही गाव, टंचाई आपल्याला नवी नाही. उन्हाळ्यात टँकरचे पाणी बऱ्याचदा विहिरीत सोडले जाते आणि तेच पुन्हा दोराने शेंदून वर काढावे लागते. हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. मग कंबरदुखी घेऊन त्या सरकारी दवाखान्यात येतात. या दुखण्यामागचे साधे विज्ञान समजून घेऊ.

समजा, पाणी २० मीटर खोल आहे. भरलेला पोहरा १० किलोचा आणि दोर मीटरला २०० ग्रॅम वजनाचा. सुरुवातीला पोहरा आणि ४ किलोचा लोंबता दोर मिळून १४ किलो ओढावे लागतात. दोर वर येईल तसे वजन घटते आणि काठाशी १० किलो उरते. म्हणजे लागणारे बल जागेप्रमाणे बदलते. अशा वेळी पूर्ण अंतराचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातले कार्य मोजायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. बल एकसारखे घटत असल्याने इथे १२ किलो ही सरासरी धरली तरी चालते. १२ गुणिले ९.८ गुणिले २०, म्हणजे सुमारे २३५० ज्यूल.

असे वीस पोहरे काढले तर ४७ हजार ज्यूल, म्हणजे सुमारे ११ किलोकॅलरी होतात. आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात. म्हणून शरीराला ४५ किलोकॅलरी तरी लागतात. ही ऊर्जा साधारण अर्ध्या भाकरीत मिळते.

मग कंबर का धरते? कारण कमरेवरचा भार पोहरा किती खोल आहे यावर नव्हे, तर तो अंगापासून किती लांब आहे यावर ठरतो. काठावर ओणवे होऊन पोहरा आत ओढताना तो कमरेपासून अर्धा मीटर पुढे असतो. त्याला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यामागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. दहापट अंतर, म्हणून दहापट जोर. १० किलोच्या पोहऱ्यासाठी स्नायूंना १०० किलोइतका ताण द्यावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. वजन सर्वात कमी असते तेव्हाच मणक्याला सर्वाधिक धोका असतो.

विहिरीवर कप्पी बसवली तर कार्य कमी होत नाही, पण ताठ उभे राहून दोर खाली ओढता येतो. पोहरा अर्धाच भरा, अंगाजवळ घ्या आणि उचलताना कमरेऐवजी गुडघ्यांत वाका. गरोदर बायकांनी आणि अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्यांनी हे काम टाळावे. पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कप्पीचा खर्च फार नाही. गावाने मिळून तो केला, तर अनेकींची कंबर वाचेल.