दहा अश्वशक्तीची चार तासांची शर्यत

बाहा एसएई इंडिया ही अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हौशी विद्यार्थी-संघांची मोटार-शर्यत आहे आणि तिच्या पेट्रोल गटात उतरणाऱ्या प्रत्येक संघाला एकाच नमुन्याचे इंजिन वापरावे लागते. अनेक वर्षे हे इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकी कंपनीचे, एका सिलिंडरचे, ३०५ सीसीचे आणि सुमारे १० अश्वशक्तीचे राहिले. सव्वाशे सीसीच्या साध्या मोटारसायकलीत जेवढा जोर असतो, जवळजवळ तेवढाच जोर येथे मिळतो. मात्र त्याच जोरावर चालकासह तीनशे किलोंच्या आसपास वजनाचे चारचाकी वाहन दगडधोंड्यांतून, चिखलातून आणि चढ-उतारांवरून सलग चार तास पळवायचे असते. इंजिनाच्या अंतर्भागात बदल करण्यास सक्त मनाई असून, इंजिनाचे फेरे एका मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा गव्हर्नर नावाचा वेगनियंत्रकही सर्वांना सारखाच बांधून दिलेला असतो. त्यामुळे ज्या संघाकडे पैसा अधिक, त्याचे इंजिन अधिक जोरकस, हा व्यावसायिक शर्यतीतील नियम येथे लागू पडत नाही, आणि दोन वाहनांतील सगळा फरक आखणी, जोडकाम व देखभाल या तीन गोष्टींतून निर्माण होतो.

ही कल्पना नवी नाही. १९२२ मध्ये बाजारात आलेल्या ऑस्टिन सेव्हन या ७४७ सीसीच्या स्वस्त इंग्लिश मोटारीवर आधारलेली वाहने घरच्या गॅरेजात बांधून पळवणाऱ्या हौशी मंडळींचा ७५० मोटर क्लब १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या लष्करी धावपट्ट्यांवर अशा क्लबांच्या शर्यती भरू लागल्या. कॉलिन चॅपमन हा तरुण अभियंता याच वर्तुळातून पुढे आला. त्याने १९५२ मध्ये स्थापलेल्या लोटस कंपनीने अवघ्या अकरा वर्षांत, १९६३ मध्ये, फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. भारतातही मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती कित्येक वर्षे होत असत. पुढे कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून एका आसनाची, तुलनेने स्वस्त शर्यतगाडी घडवली, आणि तिच्यावर नवख्या चालकांची एक पिढी तयार झाली. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांची सुरुवातही याच गाड्यांवर झाली. ऑस्टिन, मारुती आणि ब्रिग्ज या तिन्ही इंजिनांनी हौशी खेळासाठी एकच काम केले: साधन सर्वांच्या आवाक्यात आणले आणि कसब तेवढे ज्याचे त्याच्याकडे ठेवले.

बाहा स्पर्धेचा आरंभ १९७६ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात झाला, आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पातील खडतर शर्यतींवरून तिला नाव मिळाले. एसएई इंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था असून तिच्या विद्यार्थी-शाखांना महाविद्यालयांत कॉलेजिएट क्लब म्हटले जाते. या संस्थेने २००७ मध्ये ही स्पर्धा भारतात आणली, ती मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पिथमपूर येथे. वाहनांच्या चाचणीसाठी तेथे राखून ठेवलेल्या विस्तीर्ण भूमीवर आता नॅट्रॅक्स हे चाचणी-केंद्र उभे असून, २०२१ मध्ये खुला झालेला त्याचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगमार्ग सर्वपरिचित आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या शर्यतीला असा गुळगुळीत मार्ग चालत नाही. माळव्याची काळी माती, यंत्राने मुद्दाम उकरलेले खड्डे, ओंडके आणि मातीचे उंचवटे यांतून तिची वाट आखली जाते. पुणे, मुंबई, नाशिक, सांगली, कोल्हापूर या भागांतील महाविद्यालये या स्पर्धेत सातत्याने उतरत आली आहेत, आणि स्पर्धेच्या तांत्रिक बाजूला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय या संस्थेतील तज्ज्ञांचा हातभार लागत आला आहे.

वाहनाची बांधणी पोलादी नळ्यांच्या सांगाड्यापासून सुरू होते. या सांगाड्याला रोलकेज म्हणतात. वाहन उलटले तरी आत बसलेल्या चालकाभोवतीची पोकळी चेपू नये, हे त्याचे पहिले काम, आणि चाके, इंजिन व सुकाणू यांना आधार देणे हे दुसरे. नळीच्या पोलादात कार्बनचे प्रमाण किती असावे, तिचा व्यास आणि जाडी किती असावी, दोन नळ्या कोठे मिळाव्यात, चालकाच्या शिरस्त्राणापासून नळीपर्यंत किती अंतर राहावे, हे सारे नियमपुस्तकात ठरवून दिलेले असते. संघाला वाव उरतो तो वजन वाचवण्यात आणि ते वजन जमिनीच्या शक्य तितके जवळ ठेवण्यात. परंतु वाहन खाली आणावे तर त्याचे पोट दगडाला घासते, आणि वर उचलावे तर वळणावर ते कलंडण्याचा धोका वाढतो. आखणीतील बहुतेक निर्णय अशा दोन अडचणींच्या मधोमध घ्यावे लागतात.

यांतील सर्वांत कठीण निर्णय गिअरच्या गुणोत्तराचा असतो, आणि तो समजून घेण्यासाठी थोडे गणित करणे इष्ट ठरेल. चालकासह ३०० किलोंचे वाहन ३० अंशांच्या चढावर खेचण्यासाठी सुमारे १४७० न्यूटन इतके बल लागते. इंजिनाच्या १० अश्वशक्तींपैकी चाकांपर्यंत तीन-चतुर्थांश पोहोचल्या असे धरले, तर त्या चढावर ताशी सुमारे १४ किलोमीटरपेक्षा अधिक वेग मिळणे शक्यच नसते, आणि तेवढ्यासाठीही इंजिनाचे जवळपास २८ फेरे होतील तेव्हा चाकाचा एक फेरा व्हावा, अशी योजना करावी लागते. उलट सपाट मातीवर ताशी ५५ किलोमीटर गाठायचे असतील, तर त्याच चाकाला इंजिनाच्या सात-साडेसात फेऱ्यांमागे एक फेरा मिळाला पाहिजे. एकाच वाहनात ही दोन टोके सांभाळण्यासाठी काही संघ सीव्हीटी नावाची यंत्रणा बसवतात. तीत दोन कप्प्या आणि एक रबरी पट्टा असतो, आणि कप्प्यांच्या तबकड्या जवळ-दूर सरकल्या की गिअर न बदलताही गुणोत्तर आपोआप बदलत जाते. पट्टा तापला की घसरतो व घसरला की आणखी तापतो, हे तिचे दुखणे. आरंभीच्या काळात अनेक भारतीय संघांनी तीनचाकी मालवाहू रिक्षाचा गिअरबॉक्स वापरला, कारण तो स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि त्याचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळत असत. हा मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. ज्या यंत्राची दुरुस्ती स्वतःला करता येते तेच यंत्र निवडणे, हा हौशी शर्यतीतील शहाणपणा आहे.

शर्यतीच्या आधी तपासणी असते, आणि अनेक संघांची स्पर्धा प्रत्यक्षात तेथेच संपते. परीक्षक नळ्यांची जाडी मोजतात, वेल्डिंगचे जोड बारकाईने पाहतात, आसनाच्या पट्ट्यांची टोके कशात अडकवली आहेत ते तपासतात, आणि इंजिन तत्काळ बंद करणारी दोन बटणे, एक चालकाच्या हाताशी व एक बाहेरून कोणालाही पोहोचेल अशा जागी, चालतात की नाही याची खात्री करून घेतात. पट्ट्यांनी बांधलेल्या चालकाला ठरावीक सेकंदांत स्वतःच्या बळावर बाहेर पडून दाखवावे लागते. त्यानंतर ब्रेकची चाचणी होते. धावत्या वाहनाचा ब्रेक दाबताच चारही चाके एकाच वेळी जखडली पाहिजेत, आणि एक चाक जरी फिरत राहिले तरी वाहन पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. ब्रेकच्या नळीत अडकलेला हवेचा एखादा बुडबुडा वर्षभराच्या श्रमांना येथे अडवून धरू शकतो, म्हणून या रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर शर्यतीच्या दिवसापेक्षाही अधिक ताण दिसतो. चढ चढणे, झटपट वेग घेणे, वळणावळणाच्या वाटेवरून वाहन हाताळणे अशा वेगवेगळ्या कसोट्या त्यानंतर होतात, शिवाय आखणी व खर्च यांचा हिशेब परीक्षकांपुढे तोंडी मांडावा लागतो.

शेवटच्या दिवशीची सहनक्षमता-शर्यत चार तास चालते, आणि मूळ अमेरिकी नियमांत एकूण १००० गुणांपैकी ४०० तिच्यासाठी राखलेले आहेत. वाहने एका रांगेत उभी राहतात, हिरवा झेंडा दाखवला की एकामागून एक सोडली जातात, आणि प्रत्येक वाहनावर बसवलेला ट्रान्सपाँडर हा छोटा संदेशक आरंभरेषेवरून जाताना फेरीची नोंद करतो. ठरावीक अंतर आधी कापणारा येथे विजेता ठरत नसून, चार तासांत अधिकाधिक फेऱ्या पूर्ण करणारा पुढे जातो, आणि या एका फरकाने शर्यतीचा स्वभावच बदलतो. पहिल्या अर्ध्या तासात आवेशाने धावणारी वाहने दुसऱ्या तासात बाजूला उभी राहिलेली दिसू लागतात. कोणाचा पुढचा आडवा दांडा, म्हणजे विशबोन, खडकावर आपटून वाकलेला असतो, कोणाचा चाकाला गती देणारा शाफ्ट तुटलेला असतो, कोणाच्या इंजिनाच्या हवागाळणीत धूळ भरून त्याचा श्वास कोंडलेला असतो. पिवळा झेंडा दिसला की पुढे अडथळा आहे असे समजून वेग कमी करायचा आणि कोणालाही मागे टाकायचे नाही. काळा झेंडा दाखवला तर वाहन मुकाट्याने बाहेर आणायचे. लाल झेंड्याला सर्वांनी थांबायचे. वाटेच्या प्रत्येक अवघड वळणावर झेंडे घेऊन उभे असणारे मार्शल हे या खेळाचे खरे रक्षक असून, त्यांच्या खुणेकडे दुर्लक्ष करणाऱ्या चालकाला पंच कोणतीही सवलत देत नाहीत, हे योग्यच आहे.

प्रेक्षकांचे लक्ष वाटेवर असते, पण शर्यतीचा निकाल पुष्कळदा पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या जागेत लागतो. घड्याळ थांबत नाही. इंधनाची टाकी चार लिटरांच्या आतलीच असल्याने वाहनाला ती भरण्यासाठी पुन्हा पुन्हा आत यावे लागते, आणि त्या वेळी इंजिन बंद, चालक बाहेर, एक जण अग्निशामक नळकांडे रोखून उभा, अशी सक्तीची शिस्त पाळावी लागते. तुटलेला विशबोन बदलण्यास एका संघाला पंधरा मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला तासभर. यांतील अंतर बहुधा एवढ्यावरच अवलंबून असते की पहिल्या संघाने घरी तो भाग दहा वेळा सोडवून पुन्हा बसवलेला असतो, सगळ्या बोल्टांचे माप शक्यतो एकच ठेवलेले असते, आणि जादा भाग हाताशी, नावाची चिठ्ठी लावून ठेवलेले असतात. चालक कितीही निष्णात असला तरी वाहन उभे असताना त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते. पान्हा फिरवणारा, फेऱ्यांचा हिशेब ठेवणारा, पट्ट्याचे तापमान पाहणारा, चालकाला पाणी देणारा असा प्रत्येक जण येथे स्पर्धक असतो. तिसऱ्या तासाला मागे पडलेल्या संघाने, जिंकण्याची आशा नसतानाही, शेवटच्या दहा मिनिटांसाठी वाहन पुन्हा वाटेवर उतरवावे, ही या स्पर्धेतील सर्वांत आदरणीय गोष्ट आहे, आणि शेजारचा प्रतिस्पर्धी संघ त्यासाठी स्वतःकडचे बेअरिंग किंवा वेल्डिंग यंत्र खुशीने देतो.

२०१५ पासून या स्पर्धेत विजेवर चालणाऱ्या वाहनांचा स्वतंत्र गट सुरू झाला आणि त्यामुळे बॅटरीचे वजन, तिची उष्णता व धुळीपाण्यापासून तिचे संरक्षण हे नवे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे आले. तथापि रोलकेज, ब्रेक आणि जोडकाम यांच्या कसोट्या जशा होत्या तशाच राहिल्या.

मात्र जोडकामाचे हे कसब केवळ महाविद्यालयांतच सापडते असे नाही. पिथमपूर ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या दुसऱ्या बाजूला, जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर सिहोरा हे तालुक्याचे गाव आहे. जबलपूर जिल्ह्याची यंत्रपरंपरा लहान नाही. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेइकल फॅक्टरीतून शक्तिमान ट्रक व जोंगा ही लष्करी वाहने बाहेर पडली. त्यांतील जोंगा तर सैन्यातून निवृत्त झाल्यावर देशभरातील खडतर वाटांच्या हौशी चालकांची लाडकी ठरली. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही जबलपुरातच आहे. सिहोऱ्याच्या परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि खनिजाचे ट्रक, ट्रॅक्टर व मळणीयंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तुटलेला दांडा रातोरात सांधून देण्याचे कसब कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून चांगले अवगत असते. चार तासांच्या शर्यतीत जे कसब निर्णायक ठरते ते हेच होय, आणि ते महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, रस्त्याकडेच्या कार्यशाळेत उपलब्ध आहे.

हौशी संघांची खरी अडचण जागेची आणि हाताखालच्या यंत्रांची असते. ही वाहने नोंदणीकृत नसल्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत आणि तसे करणे धोक्याचेही आहे, म्हणून सराव कुंपणाच्या आत, मालकाच्या परवानगीने आणि रोलकेज, शिरस्त्राण व अग्निशामक यांच्यासहच झाला पाहिजे. ज्यांच्याकडे पडीक पण सुरक्षित माळरान आहे, लेथ आहे, चांगला वेल्डर आहे किंवा आठवड्यातील एक मोकळी संध्याकाळ आहे, त्यांनी आपल्या जवळच्या महाविद्यालयातील कॉलेजिएट क्लबशी संपर्क साधावा. वाहन पिथमपूरला नेण्यापूर्वी ते शंभर तास चालवून पाहण्याची संधी अशा मदतीमुळे ज्या संघाला मिळते, त्याची शर्यत पूर्ण करण्याची शक्यता सर्वाधिक वाढते.