मालवाहू पिकअप वाहनातील आवाज व गिअर-दोष : निदानाची तर्कपद्धती

यंत्रातील बिघाड पुष्कळदा डोळ्यांच्या आधी कानांना कळतो. वाहनातील फिरते भाग पेटीत बंद असतात व तेलात बुडालेले असतात. ते उघडून पाहावयाचे म्हणजे वाहन निदान एक दिवस, प्रसंगी अधिकही, उभे ठेवावे लागते. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी बाहेरून काय व किती निश्चितपणे सांगता येईल, हा प्रश्न जसा व्यवहाराचा आहे तसाच तर्कशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात मालवाहू पिकअप वाहनातील आवाज व गिअर बदलताना येणाऱ्या अडचणी यांच्या निदानाची पद्धती विशद करण्याचा हेतू आहे.

१. क्षेत्र व प्रश्न

उदाहरणादाखल धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील उमरगा हे तालुक्याचे ठिकाण विचारात घेऊ. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ९, हल्लीचा ६५) या गावातून जातो व थोड्याच अंतरावर कर्नाटकाच्या हद्दीत प्रवेश करतो. तालुक्यात सोयाबीन, तूर, हरभरा व ऊस ही पिके होतात. शेतमाल, दूध, भाजीपाला, खते, बांधकामाचे साहित्य या सर्वांची लहान पल्ल्याची वाहतूक मुख्यतः पिकअप वाहनांनी होते. टाटा कंपनीने १९८८ मध्ये टाटामोबिल व २००५ मध्ये दोन सिलिंडरांची एस ही गाडी बाजारात आणली. महिंद्र कंपनीची बोलेरो पिकअपही सर्वपरिचित आहे. या गाड्यांच्या आकारमानात फरक असला तरी रचना एकाच जातीची आहे : इंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना.

या भागातील पिकअपला एकाच दिवसात दोन परस्परविरुद्ध परिस्थितींतून जावे लागते. महामार्गावर ती भरधाव धावते. तेथून खाली उतरली की काळ्या मातीच्या कच्च्या वाटेने, ओझ्यासह, पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगते. पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात धूळ सांध्यांत शिरते. त्यामुळे आवाज उत्पन्न होणे स्वाभाविकच आहे. खरी अडचण पुढे येते. आवाज पेटीच्या दिशेने येतो म्हणून ‘गिअरबॉक्स गेला’ असा निष्कर्ष काढला जातो. पेटी उतरविली जाते. बेअरिंगे बदलली जातात. आणि गाडी रस्त्यावर येताच तोच आवाज पुन्हा ऐकू येतो, कारण दोष प्रोपेलर शाफ्टच्या वाळलेल्या क्रॉसमध्ये असतो. कर्जाच्या हप्त्यावर घेतलेल्या गाडीच्या मालकाला हा खर्च व खोटी दोन्ही सोसावी लागतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, सुटू पाहणारा क्रॉस तेवढ्या अवधीत तसाच राहतो व भर वेगात तुटला तर अपघातास कारण होतो.

२. शक्तीचा मार्ग

निदानासाठी शक्ती कोणत्या क्रमाने वाहते हे ध्यानी असले पाहिजे. इंजिनचा क्रँकशाफ्ट क्लचच्या द्वारे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला फिरवितो. इनपुट शाफ्ट एका कायम जुळलेल्या दंतचक्राच्या जोडीने खालील ले-शाफ्टला फिरवितो. ले-शाफ्टवरील चक्रे मेन शाफ्टवरील चक्रांशी सदैव जुळलेली असतात. परंतु मेन शाफ्टवरील चक्रे त्यावर मोकळी फिरतात. गिअर टाकणे म्हणजे त्यांपैकी एकास मेन शाफ्टशी जखडणे होय. पुढे प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस व मधले बेअरिंग, मागील हाउसिंगमधील क्राउन-पिनियन, आणि शेवटी अर्धे आस व चाके.

या साखळीतील प्रत्येक भाग वेगवेगळ्या परिस्थितीत फिरतो अथवा थांबतो. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये व इंजिन चालू असता इनपुट शाफ्ट व ले-शाफ्ट फिरतात, मेन शाफ्ट मात्र स्थिर असतो. क्लच दाबताच पहिले दोन्हीही थांबतात. बहुतेक पाच गिअरांच्या पेट्यांत चौथा गिअर थेट असतो. त्या वेळी शक्ती इनपुट शाफ्टमधून सरळ मेन शाफ्टमध्ये जाते व ले-शाफ्ट फिरत असूनही भारमुक्त राहतो. या साध्या वस्तुस्थितीवर निदानाची सर्व इमारत उभी आहे.

३. अन्वय आणि व्यतिरेक

आपल्याकडील नैयायिकांनी कार्यकारणाच्या निश्चयासाठी अन्वय व व्यतिरेक ही दोन साधने मानली. कारण असता कार्य असणे हा अन्वय. कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात याच जातीच्या पद्धती मांडून, कारणाच्या प्रमाणात कार्य कमीजास्त होते काय, ही कसोटीही जोडली. कुशल मिस्त्री या संज्ञा वापरीत नाही, परंतु त्याची कृती हीच असते.

यावरून पहिला नियम निष्पन्न होतो : आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा होतो व केव्हा थांबतो हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘घरघर’, ‘खडखड’, ‘कुईं’ ही वर्णने ऐकणाऱ्यागणिक बदलतात. शिवाय ध्वनी धातूतून दूरवर पोचतो. मागील हाउसिंगचा आवाज केबिनच्या पत्र्यातून आल्यासारखा भासतो. उलट, ‘क्लच दाबताच थांबतो’ हे विधान कोणालाही पडताळता येते. इंजिनचा वेग, क्लचची स्थिती, गाडीचा वेग आणि भार ही चार परिवर्तने एका वेळी एकच बदलून पाहणे, हे परीक्षेचे सूत्र होय.

४. उभ्या गाडीवरील परीक्षा

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असता आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, असे आढळल्यास संशय इनपुट शाफ्ट व ले-शाफ्ट यांच्या बेअरिंगांवर जातो. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग अथवा क्रँकशाफ्टच्या टोकाशी असलेले पायलट बेअरिंग दोषी ठरते. पेडलवर पाय नुसता टेकताच आवाज आला तर रिलीज बेअरिंग. क्लच पूर्ण सुटून इनपुट शाफ्ट थांबल्यावर आला तर पायलट बेअरिंग, असा भेद करता येतो. ज्या गाड्यांत रिलीज बेअरिंग नेहमीच टेकलेले असते तेथे आवाज सुरू न होता केवळ बदलतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डिझेल इंजिनच्या मंद गतीतील धक्क्यांमुळे भारमुक्त दंतचक्रांचे दाते एकमेकांवर आपटून खडखडतात. हा आवाजही क्लच दाबताच थांबतो. म्हणून बेअरिंग गेल्याचा भ्रम होतो. अशा वेळी दुसरे परिवर्तन योजावे. ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिनचा वेग वाढविला असता दात्यांची खडखड बहुधा विरते. बेअरिंगची घरघर मात्र वेगाबरोबर चढत्या स्वराची होते. एकाच कसोटीवर विसंबून पेटी उघडणे किती धोक्याचे आहे हे यावरून दिसते.

आवाजाचे स्थान ठरविण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पेटीला व मूठ कानाला लावण्याची गॅरेजमधील रीत शास्त्रशुद्ध आहे. रने लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये कागदाच्या सुरळीतून हृदयाचे ठोके ऐकले, त्याच तत्त्वाचा हा उपयोग होय. पंखा, पट्टे व फिरते शाफ्ट यांपासून हात व कपडे दूर ठेवणे मात्र अवश्य.

५. चालत्या गाडीवरील परीक्षा

सपाट व मोकळ्या रस्त्यावर, इंजिन बंद न करता, गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घ्यावी. आवाज तसाच राहिला तर इंजिन व क्लच वगळता येतात आणि दोष बहुधा प्रोपेलर शाफ्ट, हाउसिंग अथवा चाके यांत शोधावा लागतो. एकाच वेगात ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना आवाजाचा सूर बदलत असेल तर क्राउन-पिनियनचे दाते किंवा पिनियनचे बेअरिंग संशयास्पद होय. गाडी डावीकडे वळविताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी गुणगुण वाढली तर उजव्या हबचे बेअरिंग तपासावे. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही.

आवाज सर्व गिअरांत येतो पण थेट गिअरात नाहीसा होतो, असे असल्यास ले-शाफ्ट दोषी असण्याचा संभव मोठा. एकाच गिअरात येत असेल तर त्या गिअरची जोडी. सर्व गिअरांत, थेट गिअरातही, सारखाच येत असेल तर इनपुट वा मेन शाफ्टचे बेअरिंग, अन्यथा पेटीबाहेरचा एखादा भाग.

गाडी सुरू होताना अथवा मागे-पुढे करताना बसणारा ‘ठक्’ असा ठोका हा साखळीतील ढिलाईचा द्योतक असतो. चाकांना ओटी लावून, इंजिन बंद करून, प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवावा. क्रॉसच्या दोन बाजूंत फरक दिसला तर पेटीकडे वळण्याचे कारण नाही. खड्ड्यातच येणारा ठोका फिरत्या भागांचा नव्हेच. तो पाट्यांच्या बुशांत अथवा सैल यू-बोल्टांत शोधावा.

६. कंपनसंख्येचे गणित

वरील परीक्षांना साध्या गणिताची जोड देता येते. समजा, टायरचा परिघ २.२ मीटर व मागील हाउसिंगचे गुणोत्तर ४ आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदास सुमारे ११.१ मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदास सुमारे ५ वेळा व प्रोपेलर शाफ्ट सुमारे २० वेळा फिरतो. ठोके मोजता येण्याइतके संथ, सेकंदास पाचच्या आसपास, असले तर उगम चाकात; वीसच्या सुमारास कंप जाणवला तर शाफ्टच्या असंतुलनात. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगबदल घडवितो, म्हणून त्याची कंपनसंख्या ४० येते.

थेट गिअरात इंजिनही सेकंदास २० फेरे, म्हणजे मिनिटास १२०० फेरे करते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. तेव्हा स्फोटांची संख्याही ४० च. याचा अर्थ असा की, थेट गिअरात इंजिनचा कंप व क्रॉसचा कंप संख्येने एकरूप होतात व त्यांचा भेद करणे अशक्य होते. तीच परीक्षा तोच वेग राखून तिसऱ्या गिअरात करावी. त्या गिअरचे गुणोत्तर १.५ मानल्यास स्फोटांची संख्या ६० होते, क्रॉसची मात्र ४० च राहते. हल्ली मोबाइल फोनवरील ध्वनिविश्लेषणाच्या साधनांनी असे वर्णपट पाहता येतात. तथापि अतिमंद कंपने फोनच्या मायक्रोफोनला नीट टिपता येतीलच असे नाही, म्हणून कान व गणित यांची गरज संपलेली नाही.

७. गिअर पडत नाही, खरखरतो अथवा निसटतो

गिअर पडत नसेल तर प्रथम इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर अडत असतील, तर दोष प्रायः पेटीचा नसून क्लचचा आहे. क्लच पूर्णपणे सुटत नाही. तेलाची पातळी, नळीतील हवा, पेडलची चाल ही बाह्य कारणे आधी पाहावीत. याची पुष्टी रिव्हर्स गिअरने होते, कारण पुष्कळ पेट्यांत त्यास सिंक्रोनायझर नसतो. क्लच दाबून दहा सेकंद थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाली तर क्लच सुटत नाही हे निश्चित. बंद इंजिनावरही गिअर अडत असतील तर दांडी, केबल अथवा पेटीतील काटे तपासावेत. केवळ थंडीत सकाळी अडत असतील तर तेलाची जात पाहावी.

एकाच गिअरात खरखर होणे हे त्या गिअरच्या सिंक्रोनायझर रिंगचे लक्षण होय. १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत ही योजना प्रथम आली. तोपर्यंत चालकाला न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, पुन्हा दाबून, चक्रांचे वेग स्वतः जुळवावे लागत. रिंग तेच काम शंकूच्या घर्षणाने करते. म्हणूनच जुनी दुहेरी क्लचची रीत आज निदानाचे साधन ठरते. तिने खरखर थांबली तर काटा व दाते यांपेक्षा रिंगच झिजली असण्याचा संभव अधिक. पेटीतून काढलेल्या तेलात पितळी चमक दिसल्यास या अनुमानास पुष्टी मिळते. पोलादी कपच्या दिसल्यास बेअरिंग वा दाते यांचा संशय घ्यावा. चुकीच्या जातीचे, अधिक निसरडे तेल रिंगचे घर्षण कमी करून हाच दोष उत्पन्न करू शकते, म्हणून तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच असावे.

गिअर निसटत असेल तर दांडीकडे पाहावे. इंजिनच्या धक्क्याबरोबर दांडी हलत असेल तर इंजिन व पेटी यांची रबरी माउंटिंगे आधी तपासावीत. ती सुस्थितीत असूनही गिअर निसटला तरच आतील गोळी-स्प्रिंग, काटा व झिजलेले दाते यांचा विचार करावा.

८. उपसंहार

या विवेचनाचा सारांश असा की, पेटी उघडणे ही निदानाची पहिली नव्हे, तर अखेरची पायरी होय. येथे सांगितलेल्या परीक्षांपैकी बहुतेकांना अर्धा तास व एक मोकळा रस्ता यांपलीकडे काही लागत नाही. त्या सर्व मिळूनही पूर्ण निश्चय देतील असे नाही. दोन दोष एकत्र असता लक्षणे एकमेकांत मिसळतात. परंतु दोषाचे क्षेत्र त्या इतके आकुंचित करतात की उघडलेल्या पेटीत काय शोधावयाचे हे आधी ठाऊक असते.

विभागातील विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचे एक क्षेत्र आहे. महामार्गालगतच्या गॅरेजांतील मिस्त्रींपाशी हे ज्ञान विपुल आहे, परंतु ते शब्दबद्ध नाही. आवाज कोणत्या स्थितीत आला, कोणत्या कसोटीने थांबला, आणि पेटी उघडल्यावर प्रत्यक्षात काय सापडले, या तीन रकान्यांची नोंद सातत्याने ठेवली गेली, तर कोणती कसोटी किती विश्वसनीय आहे हे अनुमानाने नव्हे, तर मोजून सांगता येईल.