गरम पाण्याची टाकी : घेण्याआधी गटाने करायचा हिशेब



बचत गट म्हणजे पापड-लोणची, एवढंच आता राहिलं नाही. आपल्यातले कितीतरी गट खानावळ चालवतात, लग्नाच्या ऑर्डरी घेतात, वसतिगृहाची मेस सांभाळतात. असं मोठं काम हाती आलं की गरम पाण्याचा प्रश्न येतोच. मग दुकानदार म्हणतो, "ताई, एक हजार लिटरचीच टाकी बसवा, पुढे कामी येईल." आपल्यालाही ते पटतं. पण टाकी एकदा छतावर चढली की परत करता येत नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी ही टाकी काम कसं करते आणि आपल्याला केवढी लागते, ते समजून घेऊ.

घर वेगळं, वसतिगृह वेगळं

घरी आपण चुलीवर गंजभर पाणी ठेवतो. एकाची आंघोळ झाली की दुसऱ्यासाठी पुन्हा ठेवतो. वेळ लागतो, पण निभतं. वसतिगृहात, मंगल कार्यालयात किंवा भक्तनिवासात तसं निभत नाही. तिथे सगळ्यांना एकाच तासात पाणी लागतं. एवढं पाणी तेवढ्या वेळात तापवायचं तर फार मोठा हीटर लागेल, आणि तो बाकीचे तेवीस तास नुसता पडून राहील. त्यापेक्षा हळूहळू तापवून साठवून ठेवलेलं बरं.

म्हणजे टाकीचं खरं काम साठवण्याचं आहे. आपण आठवड्याला थोडी थोडी बचत करतो आणि गरजेला एकदम कर्ज घेतो ना, तसंच हे.

जुना बंब आठवतो का?

आजीच्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत पऱ्हाट्या-तुराट्या पेटवायच्या, भोवती पाणी. नरसाळ्यातून तांब्याभर थंड पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर यायचं. थंड पाणी जड असतं, ते तळाशी जातं. गरम पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं. थंड पाणी खालून शिरलं की ते गरम पाण्याला वर ढकलतं.

आजच्या पाचशे लिटरच्या टाकीतही हेच चालतं. थंड पाण्याचा पाइप तळाला आणि गरम पाण्याचा वरच्या टोकाला असतो. दोन्ही थर एकमेकांत मिसळले नाहीत, तर वरचं पाणी शेवटपर्यंत गरम मिळतं. थंड पाणी जोरात शिरून ढवळलं गेलं, तर टाकी भरलेली असूनही सगळं पाणी कोमट होतं. उभ्या, उंच टाकीत थर चांगले राहतात आणि साधारण ८० टक्के पाणी कामाचं निघतं. आडव्या टाकीत त्याहून थोडं कमी धरा.

किती लिटरची घ्यायची?

समजा, नाचणगावच्या एका गटाने ४० मुलींच्या वसतिगृहाचं काम घेतलं. हिशेब असा करा.

एका मुलीला आंघोळीला २० लिटर पाणी, साधारण ४० अंश गरम. टाकीतलं पाणी ६० अंशांचं आणि हिवाळ्यात नळाचं २० अंशांचं धरलं, तर निम्मं गरम आणि निम्मं थंड मिसळावं लागतं. म्हणजे एका मुलीला टाकीतलं १० लिटर पाणी पुरतं. ४० मुलींना झालं ४०० लिटर. टाकीतलं ८० टक्केच पाणी कामाचं, म्हणून टाकी हवी ५०० लिटरची.

भांडी घासायला दुपारी आणखी २०० लिटर लागतं, तर टाकी ७०० ची घ्यायची का? नाही. सकाळी रिकामी झालेली टाकी दुपारपर्यंत पुन्हा तापते. टाकीचा आकार दिवसभराच्या पाण्यावरून ठरत नाही, गर्दीच्या तासावरून ठरतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी गटाचे बरेच पैसे वाचतील. गरजेपेक्षा मोठी टाकी घेतली तर किंमत जास्त, छतावर भार जास्त, आणि न वापरलेलं पाणी रोज तापवून रोज गार करायचं.

तापवायचं कशावर?

१०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण पावणेपाच युनिट वीज लागते. गॅसवर तेच काम करायला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम गॅस जातो. व्यवसायाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरावा लागतो, घरचा चालत नाही, हे विसरू नका. साध्या चुलीवर लाकडातली दहाव्या-आठव्या हिश्श्याएवढीच उष्णता भांड्याला मिळते, म्हणून नऊ-दहा किलो लाकूड जळतं. ते वेचणं, वाहणं आणि धूर खाणं बाईच्याच वाट्याला येतं, आणि त्याची मजुरी आपण कधी धरत नाही.

सोलरला इंधन लागत नाही. १०० लिटरमागे साधारण २ चौरस मीटर तापवणारा भाग लागतो. ५०० लिटरला १० चौरस मीटर, त्यावर दिवसभर सावली नको. हीट पंप नावाचं यंत्रही मिळतं. ते हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं आणि साध्या हीटरच्या जवळपास एक तृतीयांश विजेत काम करतं, पण महाग असतं.

उन्हाच्या उष्णतेवर मोठं काम चालतं का, अशी शंका असेल तर शिर्डीकडे पाहा. २००९ साली तिथल्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या आणि उन्हाने तयार झालेल्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. आणि हे बायकांचं काम नाही असं कोणी म्हटलं तर आपल्याच देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) गावाचं नाव सांगा. तिथल्या महिलांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर दिवे बनवायला सुरुवात केली आणि पुढे सौर पॅनलचा कारखाना उभा केला.

पैशाचा हिशेब आपण मांडायचा

५०० लिटर पाणी रोज ६० अंशांपर्यंत तापवायला २३ युनिट लागतात. हिशेबाला सोपा म्हणून युनिटचा दर १० रुपये धरू. तुम्ही तुमच्या बिलावरचा धरा. दिवसाला २३० रुपये वाचतात. विकणारा हे ३६५ दिवसांनी गुणतो आणि ८३ हजारांच्या पुढे आकडा दाखवतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये नळालाच गरम पाणी येतं, त्या दिवसांत वाचवायचं काय? पावसाळ्यात कितीतरी दिवस ऊन नसतं. वसतिगृहाला सुट्ट्याही असतात. २०० दिवसच धरा. वर्षाला ४६ हजार. कोटेशनची रक्कम या आकड्याने भागा, किती वर्षांत पैसे फिटतील ते कळेल. कर्जाची मुदत त्याहून कमी असेल तर हप्ता कुठून भरायचा, ते आधीच ठरवा.

भाजणं, फुटणं, कोसळणं : इथे काटकसर नको

६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाच सेकंदांत चामडी सोलवटते. लहान लेकरांची त्वचा तर आणखी नाजूक. म्हणून न्हाणीघरात गरम आणि थंड पाणी मिसळूनच येईल असा नळ बसवा. बकेटीत आधी थंड पाणी, मग गरम, ही सवय सगळ्यांना लावा.

मग टाकीतच ४० अंश ठेवलं तर? तेही बरं नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. शॉवरच्या तुषारांतून ते छातीत गेले की न्यूमोनिया होतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा झाला, तेव्हा हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. ६० अंशांवर हे जंतू मरतात. म्हणून टाकीत ६० अंश ठेवायचं आणि नळाशी मिसळून ४० करायचं. सुट्टीनंतर वसतिगृह उघडताना टाकी आणि पाइपमधलं जुनं पाणी सोडून द्या.

पाणी तापलं की फुगतं. ५०० लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की सात-साडेसात लिटरने वाढतं. ते बाहेर पडायला टाकीवर हवेची नळी असते. तिथून पाणी ठिबकतं म्हणून कोणी बूच मारतं. असं कधीच करू देऊ नका. दाब वाढून टाकी फुटू शकते.

५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन, वर टाकीचं आणि स्टँडचं वेगळं. जुन्या स्लॅबवर ठेवण्याआधी इंजिनिअरला दाखवा. टिनावर तर नकोच.

कोटेशन घेताना विचारायचे प्रश्न

१. टाकीला पफचं आवरण किती जाड आहे? ५० मिलिमीटर असावं. संध्याकाळी आणि सकाळी, मध्ये पाणी न वापरता, थर्मामीटर लावून पाहा. रात्रीतून चार-पाच अंशांपेक्षा जास्त उतरलं तर आवरणात दोष आहे.

२. आमचं बोअरचं पाणी जड आहे, क्षार बसतो. त्याला काय कराल? पाण्याची तपासणी करून घ्या. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असेल तर ती कधी बदलायची, तेही लिहून घ्या.

३. गरम पाण्याचा पाइप कोणता? साधा पीव्हीसी मऊ पडतो, सीपीव्हीसी घ्या. त्यालाही आवरण हवं. २० मीटर लांब, एक इंची पाइपमध्ये सुमारे दहा लिटर पाणी असतं. ते दरवेळी गार होऊन वाया जातं, म्हणून टाकी न्हाणीघराच्या जवळ ठेवा.

४. ऊन नसेल त्या दिवशी काय? टाकीत ३ किलोवॅटचा हीटर असेल तर ५०० लिटर पाणी १० अंश वाढवायला दोन तास लागतात. संध्याकाळी तापमान पाहूनच तो लावायचा. कायम चालू ठेवला तर सोलर असून नसल्यासारखं होतं.

५. बिघाड झाला तर माणूस किती दिवसांत येईल? वॉरंटी किती वर्षांची? तोंडी नको, कागदावर द्या.

निदान तीन ठिकाणची कोटेशनं मागवा. पुढच्या मासिक बैठकीत गर्दीच्या तासाचं पाणी, वर्षातले खरे दिवस आणि हप्ता, हे तीन आकडे फळ्यावर लिहा. सगळ्या सदस्यांना ते समजले की मगच ठराव घ्या आणि तिन्ही आकडे ठरावाच्या वहीत उतरवा. उद्या अध्यक्ष-सचिव बदलल्या तरी टाकी का घेतली आणि एवढीच का घेतली, ते नव्या ताईंना वहीत वाचता येईल.