अवटुग्रंथीची अतिक्रिया : चिनी वैद्यकाची दृष्टी आणि आमचा विवेक

वैशाख लागला की नागपूरच्या चिकित्सालयांत उन्हाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. पारा ४५ अंशांवर गेलेला असतो. घाम, तलखी, धडधड, अनिद्रा, द्रवमलप्रवृत्ती ही लक्षणे ऐकली की वैद्याच्या मनात प्रथम उष्माच उभा राहतो आणि उशीरासव, चंदन, कैरीचे पन्हे अशी योजना लेखणीतून आपसूक उतरते. बहुतेक रुग्णांना ती पुरतेही. मात्र याच गर्दीत असा एखादा रुग्ण असतो, ज्याचा दाह बाहेरच्या उन्हाचा नसून गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा असतो. प्रस्तुत लेख त्या रुग्णाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक भगिनी आमच्याकडे आल्या. भूक उत्तम, आहार दुप्पट, तरीही चार महिन्यांत आठ किलो वजन घटलेले. हातांना सूक्ष्म कंप, चिडचिड, धडधड आणि गळ्याच्या पुढील भागी किंचित उत्सेध. आम्ही गळा पाहिला, ‘गलगंड’ असे टिपले आणि परिपाठाप्रमाणे कांचनार गुग्गुळ लिहिला. अशक्तपणासाठी दुधातून अश्वगंधा चूर्णही दिले. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा बसल्या जागी नाडीची गती मिनिटाला १२८ होती आणि रात्रीची झोप पूर्णतः नाहीशी झाली होती. अधिक विचारता त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. परदेशी असलेल्या नातेवाइकांनी ‘थायरॉईडवरचे चिनी औषध’ म्हणून पाठविलेल्या त्या समुद्रशैवालाच्या कॅप्सूल होत्या. रक्ततपासणीत टीएसएच जवळजवळ मोजता न येण्याइतके कमी आणि टी-३, टी-४ बरेच वाढलेले आढळले. आम्ही त्यांना त्याच दिवशी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे धाडले.

रोग आमच्याकडे येण्यापूर्वीचाच होता. आमच्या औषधाने वा त्या शैवालाने तो किती वाढला, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही. परंतु निदान न करता उत्सेधावर औषध दिले, ही चूक आमची होती. ती लपविण्यापेक्षा तिचा विचार समव्यवसायी बंधुभगिनींपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

नागपूर आणि चीन : एक जुना दुवा

चिनी वैद्यकाचा विषय निघाला की तो परका वाटतो. पण नागपूरला तो तितका परका नाही. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. डॉ. अटल, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासह आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. ही मंडळी आधुनिक वैद्यकाची होती आणि तेथे त्यांनी कार्य केले ते शस्त्रकर्माचे. परंतु त्यांपैकी डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे सूचिवेध शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी तो कोलकात्यात आणला. भारतातील ॲक्युपंक्चरच्या प्रसाराचा आरंभ तेथून मानला जातो. महाराष्ट्राने तर २०१५ च्या अधिनियमाने या उपचारपद्धतीला कायद्याची चौकट दिली. तेव्हा या शास्त्राविषयी अनास्था नको आणि अंध कुतूहलही नको, अभ्यास हवा.

चिनी वैद्यक या रोगाकडे कसे पाहते

गळ्याच्या ग्रंथीच्या वाढीस चिनी ग्रंथांत ‘यिंग’ अशी संज्ञा आहे. आपल्या गलगंडाप्रमाणे तीही दृश्य उत्सेधावरून पडलेली आहे. अवटुग्रंथीच्या अतिक्रियेचे आजचे चिनी वैद्य जे विवेचन करतात, त्याचा सारांश असा : चिंता व क्रोध यांमुळे यकृताशी संबद्ध ‘ची’चा अवरोध होतो, अवरोधातून अग्नी भडकतो, द्रव आटून कफासारखा घट्ट होतो व गळ्यात साचतो, आणि दीर्घकाळ जळत राहिलेला हा अग्नी हृदय व वृक्क यांचे ‘यिन’, म्हणजे शीतल, स्निग्ध, धारक तत्त्व, शोषून टाकतो. जिव्हा लाल व आवरणहीन, नाडी सूक्ष्म व द्रुत, ही त्याची लक्षणे.

चिकित्साही अवस्थेनुसार बदलते. अवरोध असेल तेथे विमोचन, अग्नी असेल तेथे शमन, यिन क्षीण असेल तेथे पोषण. सूचिवेधात मनगटाच्या आतील बाजूचे नेइगुआन व शेनमेन आणि पावलावरील ताइचोंग हे बिंदू धडधड, अनिद्रा व चिडचिड यांसाठी योजले जातात. आजच्या चीनमध्ये हे उपचार पुष्कळदा आधुनिक औषधांच्या जोडीने दिले जातात, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

या विवेचनाशी आपल्या ग्रंथांतील कोणते वर्णन जुळते? आमच्या मते गलगंड नव्हे, तर चरकाने ग्रहणीचिकित्सेत सांगितलेला अत्यग्नी. कफ क्षीण होतो, पित्त वाताच्या साहाय्याने प्रबळ होते, अन्न झपाट्याने पचते आणि मग अग्नी धातूंनाच पचवू लागतो. भूक प्रचंड, तरीही शरीर कृश. त्यावर गुरू, स्निग्ध, शीत, मधुर आहार, दूध, तूप, पायस आणि पित्तहर विरेचन असा उपक्रम सांगितला आहे. मात्र अत्यग्नीच्या वर्णनात गळ्याचा उत्सेध नाही व नेत्रांचे बाहेर येणेही नाही. म्हणून दोन्ही एकच असे आम्ही म्हणत नाही. संप्राप्तीचे साम्य तेवढे दाखवितो.

समुद्रशैवालाची दुधारी कथा

हायझाओ (सारगॅसम) व कुनबू (केल्प) ही दोन शैवाले चिनी वैद्यकात गलगंडावर शतकानुशतके वापरात आहेत. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग याने शैवालाचा मद्यकल्प नोंदविला आहे. १६१७ मध्ये चेन शिगोंग याने लिहिलेल्या शल्यग्रंथातील ‘हायझाओ युहू’ हा क्वाथ आजही प्रसिद्ध आहे. गमतीचा भाग असा की, त्यात हायझाओ व ज्येष्ठमध एकत्र येतात आणि चिनी परंपरेच्या अठरा विरुद्ध द्रव्ययोगांत हीच जोडी मोडते. विरुद्ध द्रव्यांचा विचार जसा आपल्याकडे आहे, तसाच तो तेथेही आहे आणि त्यावरचे वादही तसेच आहेत.

या शैवालांचा गुण कशात, हे १९ व्या शतकात उलगडले. १८११ साली कुर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन गवसले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले आणि थोड्याच काळात त्याचे दुष्परिणामही दिसू लागले : काही रुग्णांत धडधड, कंप व कृशता उत्पन्न झाली. आहारातील आयोडीनच्या न्यूनतेने ग्रंथी वाढली असेल, तर शैवाल हे हेतूवरचेच औषध ठरते. परंतु ग्रंथी आधीच स्वैर झाली असेल, तर आयोडीन म्हणजे तिच्या हाती दिलेला कच्चा माल होय. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. केल्पच्या काही जातींत वाळलेल्या एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमहून अधिक आयोडीन असते. शस्त्रकर्मापूर्वी थोड्या दिवसांसाठी तीव्र आयोडीन देण्याचा प्रघात आधुनिक वैद्यकात आहे, हे खरे. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे काम आहे, कॅप्सूलच्या डबीचे नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. चीनमध्ये ‘हुआंगयाओझी’ नावाचा कंद गळ्याच्या ग्रंथीवर दिला जातो. वनस्पतिशास्त्रानुसार तो डायोस्कोरिया बल्बिफेरा, म्हणजे आपला वाराहीकंद. या कंदाच्या दीर्घ वा अतिमात्र सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या अनेक नोंदी चीनमधून आल्या असून, त्यातील डायोसबल्बिन-बी हे द्रव्य त्यास कारण मानले जाते. कडू कंद खाणारे वनवासी बांधव तो उकळून, पाण्यात भिजवून, त्याचा कडवटपणा काढूनच खातात. शोधनाचे महत्त्व यापेक्षा सोप्या रीतीने कोण सांगणार?

पुरावा काय सांगतो

कोक्रेन या संस्थेने २००७ साली चिनी वनौषधी व अवटुग्रंथीची अतिक्रिया या विषयावर समीक्षा प्रसिद्ध केली. १३ चाचण्या आणि १,७७० रुग्ण त्यात समाविष्ट होते. आधुनिक औषधांच्या जोडीला वनौषधी दिल्यास लक्षणे, दुष्परिणाम व पुनरुद्भव कमी होऊ शकतील, असे संकेत मिळाले. परंतु सर्वच चाचण्यांचा दर्जा हीन असल्याने कोणत्याही एका कल्पाची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. येथे मुद्दा ‘जोडीला’ या शब्दाचा आहे. आधुनिक औषध बंद करून केवळ वनौषधींवर राहावे, असे ही समीक्षा सांगत नाही.

आपल्या द्रव्यांकडेही याच नजरेने पाहावे लागेल. १९९८ साली इंदूरच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अश्वगंधेने टी-४ वाढल्याचे दाखविले. गुग्गुळातील झेड-गुग्गुलस्टेरॉन अवटुग्रंथीला उत्तेजित करते, असे निरीक्षण १९८४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. अश्वगंधा घेणाऱ्यांत ग्रंथीची अतिक्रिया आढळल्याच्या तुरळक रुग्णनोंदीही आहेत. प्राण्यांवरील प्रयोग माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि, अवटुग्रंथी मंद असलेल्या रुग्णात जो गुण ठरेल, तोच अतिक्रियेत दोष ठरू शकतो. कांचनार गुग्गुळ हे ‘थायरॉईडचे औषध’ आहे, ही बोलण्याची पद्धतच मुळी घातक आहे. मंद ग्रंथी व उन्मत्त ग्रंथी या दोन टोकांना एकच पुडी कशी चालेल?

चिकित्सकांसाठी

आमच्या त्या चुकीनंतर आम्ही काही नियम स्वतःला घालून घेतले. गळ्याचा उत्सेध, सकारण नसलेली कृशता, कंप किंवा विश्रांतीतही शंभरावर नाडी, यांपैकी काहीही दिसले तर टीएसएच, टी-३ व टी-४ पाहिल्यावाचून ग्रंथीवर औषध लिहायचे नाही. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या रुग्णास तपासणीपूर्वी ते काही दिवस थांबविण्यास सांगायचे. कारण काही चाचणीपद्धतींत बायोटिनमुळे अतिक्रियेचा खोटा भास होतो.

कार्बिमाझोल चालू असलेल्या रुग्णाचे औषध आपण कधीही बंद करू नये. ग्रेव्हज रोगात ते साधारणतः बारा ते अठरा महिने द्यावे लागते. मधेच सोडल्यास हृदयगती अनियमित होणे, क्वचित प्राणावर बेतणे, असे उपद्रव संभवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे : अशा रुग्णास ज्वर व घसादुखी झाली तर सितोपलादी देऊन घरी पाठवू नये. या औषधाने विरळा का होईना, रक्तातील श्वेतकण एकाएकी घटतात. त्या दिवशीच रक्तकणांची मोजणी करून रुग्णास त्याच्या डॉक्टरांकडे पाठविणे, हीच आपली चिकित्सा. गर्भिणी, वृद्ध, नेत्र बाहेर आलेले किंवा ज्वर व भ्रम असलेले रुग्ण यांच्याबाबत तर क्षणाचाही विलंब नको.

मग आपल्यासाठी उरते काय? पुष्कळ उरते. औषधाने ग्रंथी ताब्यात येईपर्यंत झिजलेल्या धातूंचे पोषण, मधुर-शीत-स्निग्ध आहाराची आखणी, चहा-कॉफी व तीक्ष्ण पदार्थांचे वर्जन, निद्रा, मनःस्वास्थ्य, शिरोभ्यंग. उन्हाळ्यात या रुग्णांना ऊन दुप्पट बाधते; त्यांची दिनचर्या आखून देणे हे वैद्यच उत्तम करू शकतो.

औषधविक्रेत्यांसाठी

ग्राहक ‘थायरॉईडसाठी काहीतरी द्या’ असे म्हणाला, तर विक्रेत्याने दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ग्रंथी मंद आहे की जलद? आणि सध्या कोणती गोळी चालू आहे? उत्तर ठाऊक नसेल तर अश्वगंधा, गुग्गुळकल्प वा शैवालाची कॅप्सूल हाती न देता वैद्याकडे पाठवावे. चिनी नावाच्या तयार औषधांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदीय औषधाचा आधार पहिल्या अनुसूचीतील ग्रंथ हा आहे; चिनी ग्रंथ त्यात नाहीत. तेव्हा केवळ वनस्पतीचे आहे म्हणून ते आपल्या फळीवर आयुर्वेदीय औषध म्हणून मांडता येत नाही. एक गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. विश्वास मात्र राहिला पाहिजे.

उपसंहार

त्या भगिनी तज्ज्ञांच्या औषधांनी काही आठवड्यांत स्थिर झाल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे पुन्हा आल्या, हे आम्ही आमचे भाग्य समजतो. आम्ही त्यांना आहार, निद्रा व अभ्यंग यांचे मार्गदर्शन केले आणि ग्रंथीसाठी एकही पुडी दिली नाही. वर्षभराने त्यांचे वजन पूर्ववत झाले होते.

चिनी वैद्यकाकडून आपण घ्यावे ते त्याचे शैवाल नव्हे, तर अवस्था पाहून उपचार बदलण्याची शिस्त. ती आपल्या संहितांतही आहे; आपणच घाईत तिला विसरतो. रोगाचे नाव नव्हे, त्याची अवस्था जाणणारा तो वैद्य, एवढे स्मरण या निमित्ताने राहिले तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही मानू. इत्यलम्.