शाल-श्रीफळाआधीची दाद

लेखकाचा गौरव करायची आपली रीत ठरून गेलेली आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, दोन लांबलेली भाषणं आणि आभारप्रदर्शन. गिरगावातल्या साहित्य संघापासून दादरच्या सभागृहांपर्यंत असे सोहळे वर्षभर चालू असतात आणि त्यात वावगं काहीच नाही. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांकडे वळून पाहिलं, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांच्या लिखाणानं मराठी वाचकाला विचार करायला भाग पाडलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली दखल मंचावर घेतली गेली नाही. ती घेतली त्यांच्यासारख्याच लिहिणाऱ्यांनी. बहुतेक वेळा पदरमोड करून आणि पुष्कळदा भांडत भांडत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग आणि खाली काळा घोडा एवढ्या पट्ट्यात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याचाच हा मागोवा.

सुरुवात 1955च्या आसपासची. दिलीप चित्रे तेव्हा धड वीस वर्षांचेही नव्हते आणि अरुण कोलटकर नुकतीच विशी ओलांडलेले. रमेश समर्थांना सोबत घेऊन त्यांनी ‘शब्द’ हे कवितेचं नियतकालिक काढलं. छापखान्याचं बिल परवडणारं नव्हतं, म्हणून अंक सायक्लोस्टाइल केलेला. आजच्या वाचकाला हे प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिलच्या कागदावर टाइपरायटरची फीत बाजूला सारून अक्षरं ठोकायची किंवा टोकदार लेखणीनं ती कोरायची. चूक झाली, तर द्रव लावून ती जागा बुजवायची, वाळू द्यायची आणि तिथंच पुन्हा कोरायचं. मग तो कागद शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवत एकेक पान काढायचं. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटायला लागते, अक्षरं फुटतात, शाई मागच्या पानावर उतरते. शेवटी पानं लावून पिना मारायच्या. एवढ्या खटपटीतून जी कविता बाहेर पडे, ती कुणाला तरी वाचायला देण्याइतकी महत्त्वाची आहे, हे आधी मित्रांना पटलेलं असे. दुसऱ्याची कविता अशी अक्षर अक्षर कोरून काढणं ही दादच होती आणि ती स्वस्त नव्हती.

त्या काळी मान्यतेचा पत्ता एकच होता: गिरगावातली खटाववाडी. मौज प्रकाशन आणि त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक तिथलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवख्या लेखकालाही सविस्तर पत्र लिहीत, कथा का जमली नाही ते सांगत आणि पुन्हा लिहायला लावत. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. चित्रे आणि कोलटकरांच्या कविताही ‘सत्यकथे’त आल्याच होत्या. अडचण वेगळी होती. दार एकच असलं की त्याच्या मापात न बसणारं लिखाण बाहेर राहतं. नाक्यावरची भाषा, गिरणीतली भाषा, महारवाड्यातली भाषा अशीच बाहेर राहिली होती.

1963 साली अशोक शहाणे यांनी ‘मनोहर’मध्ये आजकालच्या मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा तो प्रसिद्ध लेख लिहिला आणि भलेभले मान्यवर निकालात काढले. त्याच सुमारास त्यांचं ‘असो’ हे अनियतकालिक निघालं. अनियतकालिक म्हणजे पैसे जमतील तेव्हा निघणारं. शहाण्यांबद्दल बोलताना त्यांचा तिखटपणाच आठवला जातो, पण त्या तिखटपणाची दुसरी बाजू कायम दुर्लक्षित राहते. कोण टाकाऊ हे सांगणारा हा माणूस कोण वाचलाच पाहिजे हेही तितक्याच ठामपणे सांगत होता, आणि नुसतं सांगून थांबत नव्हता. पुढे त्यांनी ‘प्रास प्रकाशन’ सुरू केलं आणि 1977मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. ‘जेजुरी’ या इंग्रजी संग्रहासाठी कोलटकरांना राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला तो याच वर्षी. त्यानंतर जवळजवळ पाव शतक कोलटकरांचं नवं मराठी पुस्तक आलं नाही. या काळात त्यांच्याकडे घाई न करता, पण विश्वास न सोडता पाहणारे मोजके मित्र होते. काळ्या घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये दर गुरुवारी त्यांची बैठक असे. 2003-04मध्ये ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ ही पुस्तकं प्रासनंच काढली. सप्टेंबर 2004मध्ये कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो 2005चा, मरणोत्तर. सरकारी पोच यायला किती वेळ लागला आणि मित्राची पोच किती आधी आली होती, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

1963 हे वर्ष आणखी दोन पुस्तकांचं. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. बागुल माटुंग्याच्या लेबर कॅम्पातले. त्यांच्या कथांनी पुढच्या दलित लेखकांच्या पिढीला धीर दिला. नेमाडे यांनी लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो, हा प्रश्न विचारला आणि तो शब्द आजही कुणाला लागला की लागतोच. दोन वर्षांनी भाऊ पाध्ये यांचं ‘वासूनाका’ आलं. कामगार चळवळीत वावरलेल्या भाऊंनी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं आणि अश्लीलतेच्या नावानं गदारोळ उठला. प्रतिष्ठितांनी पाठ फिरवलेली असताना भाऊंना मोठा लेखक म्हणणारे आवाज आले ते अनियतकालिकांच्या गोटातूनच. पुढे भाऊंच्या श्रेष्ठ कथांचं संपादनही दिलीप चित्रे यांनीच केलं. गिरगाव-दादरच्या पोरांना आपली मुंबई पुस्तकात सापडते ती पाध्यांमुळे, हे आता सगळेच म्हणतात. तेव्हा ते म्हणायला छाती लागत होती.

अनियतकालिकांच्या ऐन भरातल्या दिवसांत राजा ढाले यांचं ‘येरू’ होतं, ‘आता’ होतं, सतीश काळसेकरांचा ‘फक्त’ होता, चंद्रकांत खोतांचं ‘अबकडइ’ होतं. वसंत गुर्जर, तुळसी परब, मनोहर ओक, नामदेव ढसाळ, अर्जुन डांगळे ही माणसं एकमेकांच्या अंकांत लिहीत, एकमेकांचे अंक खपवत आणि एकमेकांवर तुटूनही पडत. 1969मध्ये खटाववाडीत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली. ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून हिशेब मांडला तो ‘येरू’तच. अंक जाळणं योग्य होतं का, यावर आजही दोन मतं आहेत. माझं मत विचाराल तर जाळण्यापेक्षा तो लेख अधिक जळजळीत होता आणि टिकला तोही लेखच. एक खरं, की मासिक जाळण्याइतकं ते आपलं वाटत होतं. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याच्या दारात कुणी जात नाही.

दाद म्हणजे काय, याचा सगळ्यात चांगला नमुना 1972चा. नामदेव ढसाळ गोलपिठा या वेश्यावस्तीतल्या ढोर चाळीत वाढलेले, टॅक्सी चालवून पोट भरणारे. विजय तेंडुलकर त्या वर्षी ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या दोन नाटकांनी महाराष्ट्र हलवून सोडलेले. ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना हवी होती. तेंडुलकरांनी नावाजलेल्या लेखकानं नवख्याच्या पाठीवर हात ठेवावा, तसे चार परिच्छेद लिहून मोकळं व्हायचं नाकारलं. ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत रात्री फिरले. कवितेतले जे शब्द कळले नाहीत त्यांचे अर्थ विचारून घेतले आणि आपल्याला हे जग माहीत नव्हतं, हे प्रस्तावनेत कबूल केलं. पांढरपेशा वाचकाला ‘गोलपिठा’त शिरायला वाट मिळाली ती या कबुलीतून. आपल्याला न कळलेलं मान्य करून लिहिणं प्रस्थापित लेखकाला किती जड जातं, हे प्रस्तावना लिहिणारे जाणतात.

त्याच साली ढाले, ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथर ही संघटना उभी केली. ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख ‘साधना’च्या 15 ऑगस्टच्या अंकात आला आणि राज्यभर खळबळ माजली. दोनच वर्षांत ढाले आणि ढसाळ वेगळे झाले. बुद्ध की मार्क्स, हा वाद होता आणि तो मिटला नाही. पण त्या वादानं एका आख्ख्या पिढीला दोघांनाही वाचायला लावलं. ढसाळांच्या कवितेला जगाच्या नकाशावर नेलं ते पुन्हा एका कवीनंच. दिलीप चित्रे यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या इंग्रजी अनुवादांचं पुस्तक 2007मध्ये निघालं. तुकारामाला इंग्रजीत नेणाऱ्या माणसानं ढसाळांवरही तेवढीच मेहनत घेतली, यात चित्र्यांचा निवाडा काय होता ते आलंच.

अशी दाद अंगाशीही येते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घकविता 1983मध्ये भित्तिपत्रकाच्या रूपात निघाली. 1994मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका मुखपत्रानं ती पुन्हा छापली आणि अश्लीलतेचा खटला दाखल झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून 2015मध्ये निकाल लागला. माफी मागितलेला प्रकाशक सुटला, कवीवरचा आरोप मात्र रद्द झाला नाही. दुसऱ्याची कविता आवडली म्हणून छापणं ही किती जोखमीची गोष्ट असू शकते, हे त्या एकवीस वर्षांनी दाखवून दिलं.

1982 हे साल या पट्ट्याला दोन बाजूंनी लागलं. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि लालबाग-परळचे भोंगे हळूहळू कायमचे थांबले. त्याच वर्षी गिरगावात ‘सत्यकथा’ बंद पडली. बहुतेक अनियतकालिकं तर त्याआधीच आटोपली होती. लिहिणाऱ्यांना एकत्र आणणारी मासिकंच उरली नाहीत, तेव्हा ते काम काही माणसांनी एकेकट्यानं चालू ठेवलं.

त्यांत सतीश काळसेकरांचं नाव मी सगळ्यात वर ठेवीन. बँकेत नोकरी करणारे, ‘इंद्रियोपनिषद’, ‘साक्षात’, ‘विलंबित’ असे मोजकेच संग्रह नावावर असलेले कवी. प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनातल्या लोकवाङ्मय गृहातून निघणाऱ्या ‘आपले वाङ्मय वृत्त’मध्ये ते सदर लिहीत. त्यात स्वतःच्या कवितेबद्दल जवळपास काही नसे. कोणतं पुस्तक हाती लागलं, कोणत्या कोपऱ्यातलं नियतकालिक चांगलं निघतंय, कोणता अनुवादक वर्षानुवर्षं निमूट काम करतोय, रस्त्यावरच्या कोणत्या विक्रेत्याला पुस्तकांची जाण आहे, याच्याच नोंदी. त्यांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ हे पुस्तक झालं आणि 2013चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. दुसऱ्यांना वाचण्याबद्दल लिहिलेल्या पुस्तकाला हा मान मिळावा, हे आपल्याकडे विरळाच. मनोहर ओक गेल्यावर विखुरलेल्या कवितांमधून ‘ऐंशी कविता’ निवडून पुस्तक करणारे चंद्रकांत पाटील आणि तुळसी परब याच परंपरेतले. नव्वदच्या दशकात हेमंत दिवटे यांचं ‘अभिधा’ आणि पुढे ‘अभिधानंतर’ आलं. जागतिकीकरणानंतरच्या महानगरी कवींना त्यानं एकत्र छापलं.

गिरणगावाच्या बाजूनं हे काम जयंत पवारांनी केलं. ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरचं घर उभं करणारे आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’साठी अकादमीचा मान मिळालेले पवार पेशानं पत्रकार आणि नाट्यसमीक्षक. इतर लेखकांच्या नाटकांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. न आवडलेल्या प्रयोगाबद्दलही ते असं लिहीत, की लेखकाला पुढच्या नाटकाचा विचार करावा लागे. काळसेकर 24 जुलै 2021ला गेले आणि पवार त्याच वर्षी 29 ऑगस्टला. महिना-सव्वा महिन्यात या पट्ट्यानं आपले दोन सर्वांत जागरूक वाचक गमावले.

आज दादरला पुस्तकांची दुकानं आहेत, 6 डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी लोटते, दिवाळी अंकही निघतात. लिहिणारे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कमी पडतो तो एका लिहिणाऱ्यानं दुसऱ्याला मन लावून वाचण्याचा आणि ते वाचलेलं चारचौघांत मांडण्याचा सराव. आपण आता ‘अप्रतिम’ म्हणतो आणि पुढे जातो. ढाले, शहाणे, काळसेकर, पवार यांच्यापैकी कुणीही ‘अप्रतिम’वर थांबलं नाही. का आवडलं, कुठं पटलं नाही, पुढे काय वाचावं, हे त्यांनी सांगितलं आणि त्यासाठी स्वतःचा वेळ, पैसा आणि प्रसंगी मैत्रीही पणाला लावली.

तेव्हा लिहिणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. येत्या दिवाळीत स्वतःची कथा-कविता कुठं छापून येते ते पाहाच, पण त्यासोबत ज्या समकालीनानं तुम्हाला विचारात पाडलं, त्याच्यावर दोन पानं लिहा. पुस्तक विकत घ्या, मतभेद असेल तर पान क्रमांक देऊन मांडा आणि अंक त्याला पाठवा. शाल-श्रीफळाचं आयोजक बघून घेतील.